कॉम्प्युटर तापला, त्याआधी आम्ही तापलो

आमच्या घरात गेम खेळायचा मोठा कॉम्प्युटर आहे, हे चारचौघांत सांगताना आम्हाला अजूनही थोडं अवघडल्यासारखं होतं. आम्ही इचलकरंजीचे. आम्हा दोघांपैकी एक यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करून चालू करून देणारा. दुसरी घरी साड्यांना फॉल-पिको करणारी. थोरला मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, धाकटी यंदा दहावी झाली आणि सोबत मुलांच्या दादी. दोन खोल्या, एक गॅलरी आणि त्यात हा काळ्या पत्र्याचा डबा.

तो आम्ही विकत घेतलेला नाही. मुलांच्या मामूने २०१७ साली पुण्यात नोकरी लागल्यावर हौसेनं एकेक भाग आणून जुळवला होता. इंटेलचा आय-५ ६५०० प्रोसेसर, एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड. त्या काळात चांगलं मानलं जायचं. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, शाळा बंद पडल्या, दोन पोरं आणि एकच मोबाईल अशी आमची ओढाताण सुरू झाली, तेव्हा मामूने तो आमच्याकडे पाठवून दिला. दोघांची शाळा त्याच्यावर झाली. शाळा संपली की थोरला त्यावर गेम खेळायचा, हेही खरं. पुढे त्याने ब्लेंडर नावाच्या मोफत सॉफ्टवेअरवर चित्रं हलवायला शिकून घेतलं. एका दुकानदाराच्या जाहिरातीचं छोटं काम करून पहिली कमाई दादींच्या हातात ठेवली. पण आमच्या डोक्यात मात्र तो ‘गेमचा कॉम्प्युटर’च राहिला.

यंदा रमजानच्या आधी आम्ही घराला रंग दिला. ईदला पाहुणे येणार, त्यांना वायरींचा पसारा दिसू नये म्हणून कॉम्प्युटर टेबलाजवळून हलवला आणि भिंतीतल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात बसवला. दादींनी क्रोशाचं सुंदर आच्छादन विणलं होतं, ते वरून घातलं. खोली एकदम मोकळी दिसायला लागली. आम्ही खूश, दादी खूश.

रमजानच्या पहिल्याच आठवड्यात कॉम्प्युटर अडखळायला लागला. फुटबॉलचा गेम सुरू केला की आठ-दहा मिनिटं ठीक चालायचा, मग चित्र थांबत थांबत पुढं सरकायचं. पंख्याचा आवाज इतका वाढायचा की बाजूच्या खोलीतून दादी विचारायच्या, “मिक्सर कुणी लावलाय रे एवढ्या रात्री?” एक दिवस तर सगळं एकदम काळं झालं आणि कॉम्प्युटर आपोआप बंद पडला. कपाटाच्या दाराला हात लावला तर लाकूड कोमट लागत होतं.

आमचा निकाल त्याच क्षणी तयार होता. तरावीह झाली की सहरीपर्यंत पोरगा त्याच्यासमोर बसतो, मग काय होणार? आम्ही त्याला नको नको ते बोललो. “खेळून खेळून जाळलास,” इथून सुरुवात झाली, आणि “मामूने दिलेल्या वस्तूची किंमत नाही तुला,” इथपर्यंत गेली. तो दोनदा म्हणाला, “अब्बा, जागा बदलल्यापासून होतंय हे.” आम्ही दोन्ही वेळा ते ऐकलं नाही. ऐकलं नाही म्हणण्यापेक्षा, ती सबब आहे असं धरून चाललो. तिसऱ्यांदा तो काही बोललाच नाही. त्यानंतर इफ्तारच्या दस्तरखानवर तो खाली मान घालून खायचा आणि उठून जायचा. आम्ही समजलो, पोराला आपली चूक कळली.

ईद झाल्यावर आम्ही शहरातल्या एका दुकानात विचारायला गेलो. दुकानदाराने डबा उघडला नाही, चालूही केला नाही. “आठ वर्षं झाली ना? आता याच्यावर खर्च करू नका. तसंही याच्यावर विंडोज ११ चालत नाही,” म्हणाला आणि नव्या कॉम्प्युटरचा कागद हातात दिला. पासष्ट हजार, हप्त्याची सोय. आमच्याकडे भिशीचे चाळीस हजार जूनमध्ये येणार होते. ते धाकटीच्या डिप्लोमाच्या प्रवेशासाठी ठेवले होते. रात्री आम्ही दोघं हिशेब करत बसलो. नवा घ्यायचा तर धाकटीचं काय? नाही घ्यायचा तर थोरल्याचं काम कशावर होणार? पडद्याआड थोरला जागा होता. सकाळी तो म्हणाला, “अम्मी, कॉम्प्युटर विकून टाका. भंगारात जे येतील ते तिच्या फीला लावा. मला नको.”

त्याच्या आवाजात राग असता तर आम्हाला सोपं गेलं असतं. राग नव्हता.

त्याच दिवशी कारखान्यात एक गोष्ट घडली. एका मागावर सारखे धागे तुटत होते. मालक मागावरच्या कामगाराला रागावत होता, “तुझं लक्ष नाही, हात नीट चालत नाहीत.” जॉबर म्हणून वीस वर्षांची सवय तोंडातून बोलून गेली, “मालक, आधी माग बघू. माणसाला नंतर बोला.” पाहिलं तर ताण्याच्या बाजूला एक भाग झिजून खरबरीत झाला होता, धागा तिथं घासत होता. कामगाराचा काही दोष नव्हता. घरी येताना सायकलवर ते एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. परक्या माणसासाठी जे तोंडात आलं, ते स्वतःच्या मुलासाठी का आलं नाही? रात्री दोघं यावर बोललो आणि ठरवलं, उद्या रविवार आहे, उद्या आधी कॉम्प्युटर बघायचा.

मामूला व्हिडिओ कॉल लावला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, “कधीपासून होतंय?” आम्ही एकमेकांकडे पाहिलं. हा प्रश्न आम्ही महिनाभरात एकदाही विचारला नव्हता.

मामूने एक रीत सांगितली. ती इथं सविस्तर लिहितो, कारण ज्यांच्या घरी जुना कॉम्प्युटर आहे त्यांना ती उपयोगी पडेल. अडखळणं हे लक्षण आहे, रोग नाही. त्याची कारणं वेगवेगळी असतात, म्हणून एकेक कारण बाजूला काढत जायचं.

पहिलं कारण इंटरनेट. पण इंटरनेट बंद करून, एकट्यानं खेळायचा गेम लावला तरी चित्र अडखळत होतं. म्हणजे दोष लाईनचा नाही.

दुसरं कारण, मागच्या बाजूला गुपचूप चालणारा एखादा प्रोग्राम. टास्क मॅनेजर उघडून पाहिलं. गेम बंद असताना प्रोसेसर, मेमरी, डिस्क, कशावरच ओझं नव्हतं. विंडोजमधल्याच अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी केली, काही सापडलं नाही.

तिसरं, गेमच खराब आहे का? त्यासाठी थोरल्याने ब्लेंडरमध्ये एक काम लावलं. तिथंही दहा मिनिटांनी तीच गत. मग कॉम्प्युटर बंद करून अर्धा तास थंड होऊ दिला आणि पुन्हा लावला, तर पुन्हा पहिली आठ-दहा मिनिटं व्यवस्थित. मामू म्हणाला, “थंड असताना चालतो आणि तापल्यावर अडतो, म्हणजे उष्णता. आता आकडे बघा.”

टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाचं तापमान दिसतं, प्रोसेसरचं दिसत नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्यावं लागतं. आम्ही ते घ्यायला सांगितलं तेव्हा थोरल्याने मुकाट्यानं एक वही पुढं केली. त्याच्याकडे ते सॉफ्टवेअर आधीपासून होतं. रमजानच्या दुसऱ्या आठवड्यापासून त्याने आकडे लिहून ठेवले होते. तारीख, वेळ, काय चालू होतं, तापमान किती. आम्हाला दाखवायला त्याने वही दोनदा बाहेर काढली होती म्हणे. आम्ही कधी पाहिलीच नाही.

वहीत लिहिलं होतं: काही न करता ५८ अंश. गेम सुरू केल्यावर नऊ मिनिटांत ९९. आणि त्याच वेळी प्रोसेसरचा वेग ३.३ गिगाहर्ट्‌झवरून दोनच्याही खाली.

मामूने याचा अर्थ समजावला. या प्रोसेसरची सहन करायची हद्द १०० अंश सेल्सिअस आहे. त्या हद्दीला टेकला की तो स्वतःहून आपला वेग कमी करतो, म्हणजे उष्णता कमी तयार होते आणि तो जळत नाही. वेग कमी झाला की पडद्यावर चित्र अडखळतं. त्याहूनही तापला तर सगळं यंत्रच बंद करून घेतो. म्हणजे जे आम्हाला बिघाड वाटत होतं, ती त्या यंत्राची स्वतःला वाचवायची धडपड होती. हे ऐकताना आमच्या दोघांच्या मनात एकच गोष्ट आली, पण मुलासमोर कुणी बोललं नाही. आमचा मुलगाही महिनाभर असाच गप्प गप्प झाला होता.

मग कामाला लागलो. मामूची अट अशी होती की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा आकडा बघायचा. सगळं एकदम केलं तर खरं कारण कळत नाही. हे जॉबरला वेगळं सांगावं लागलं नाही.

आधी आच्छादन काढलं आणि डबा कपाटातून बाहेर आणून टेबलाजवळ, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवला. कॉम्प्युटर पुढून थंड हवा घेतो आणि मागून-वरून गरम हवा सोडतो. कप्प्यात दार लावून ठेवल्यावर तो तीच गरम हवा पुन्हा पुन्हा आत ओढत होता, आणि वरच्या जाळीवर क्रोशाचं आच्छादन. फक्त जागा बदलली, तर ९९ चे ९१ झाले. दादी हळूच म्हणाल्या, “म्हणजे माझ्या आच्छादनानं केलं का हे?” थोरला लगेच म्हणाला, “नाही दादी, तुमचं फक्त आठ अंश.” महिनाभरानं घरात पहिल्यांदा सगळे हसलो.

मग सफाई. कॉम्प्युटर बंद केला, वायर भिंतीतून काढली, चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरलं म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. डबा गॅलरीत नेला. बाजूचा पत्रा काढला आणि पाहतच राहिलो. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, त्यांच्यातून हवा जाऊन उष्णता निघते. त्या पट्ट्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर राखाडी गादी बसली होती. बोटानं उचलली तर साध्या धुळीसारखी नव्हती, नमद्यासारखा तुकडा निघाला. कापसाचे तंतू. आमच्या गल्लीत दिवसरात्र माग चालतात, कारखान्यातून येणाऱ्या कपड्यांवर तंतू असतात, हवेतही असतात. मागावर बसलेला हा थर आम्ही पाळीगणिक काढतो. घरातल्या यंत्रात पाच वर्षं कुणी डोकावलं नव्हतं.

कारखान्यातल्या कॉम्प्रेसरच्या हवेनं साफ करू म्हटलं, तर मामूने अडवलं. त्या नळीतून पाण्याचे थेंब येतात आणि हवेचा जोरही फार असतो. व्हॅक्यूम क्लीनरही नको, त्याने स्थिर वीज तयार होऊन भाग खराब होऊ शकतो. रंगकामाचा मऊ, कोरडा ब्रश आणि हातानं दाबायचा रबरी ब्लोअर पुरेसा आहे. पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, हवेनं गरागरा फिरू द्यायचं नाही. आणि ज्या डब्यातून सगळ्या वायरी निघतात तो वीजपुरवठ्याचा डबा कधीही उघडायचा नाही, वायर काढलेली असली तरी त्यात वीज साठलेली राहते. बाहेरूनच त्याची जाळी झाडायची. धाकटीने ग्राफिक्स कार्डाचे पंखे साफ केले, थोरल्याने बाकीचं. पुन्हा जोडून पाहिलं: ८३.

आणखी उरलं होतं. प्रोसेसर आणि त्याच्यावरचा ॲल्युमिनियमचा ठोकळा यांच्यामध्ये एक लेप असतो, थर्मल पेस्ट म्हणतात. दोन धातू वरून सपाट दिसले तरी त्यांच्यात बारीक फटी असतात. लेप त्या फटी भरतो म्हणून उष्णता इकडून तिकडे जाते. वर्षांमागून वर्षं गेली की तो वाळतो. आमचा २०१७ पासून बदललेलाच नव्हता. पेस्टची नळी आणि सफाईचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. ब्रश आणि ब्लोअर धरून सगळा खर्च साडेचारशे रुपये.

ठोकळा काढायला थोरला वाकला आणि थबकला. इंटेलचा तो ठोकळा चार कोपऱ्यांवर चार प्लास्टिकच्या खिट्ट्यांनी बसवलेला असतो. त्यातली एक खिट्टी वर आली होती. ठोकळा एका बाजूनं किंचित उचलला गेला होता. थोरला म्हणाला, “ही आपोआप निघत नाही. धक्का बसल्याशिवाय नाही.”

आम्ही दोघं गप्प झालो, कारण आम्हाला आठवलं. रंगाच्या वेळी डबा आम्हीच उचलला होता. गॅलरीत नेताना तो हातातून निसटून उंबऱ्यावर जोरात आपटला होता. बाहेरून काही दिसलं नाही, म्हणून पुसून ठेवून दिला. थोरला तेव्हा कॉलेजात होता. संध्याकाळी त्याला आम्ही काही सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नाही, पण सांगण्यासारखं काही झालं आहे असंही वाटलं नाही. आणि पुढं महिनाभर आम्ही त्यालाच विचारत राहिलो, “काय केलंस तू?”

थोरल्याने जुना लेप कापडानं पुसला, वाटाण्याच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवली. ठोकळा बसवून समोरासमोरच्या खिट्ट्या जोडीनं दाबल्या, चारही वेळा टक्‌ असा आवाज आला. कॉम्प्युटर लावला, ब्लेंडरचं काम सुरू केलं. आम्ही पाचही जण पडद्यावरच्या त्या एका आकड्याकडे बघत बसलो. दहा मिनिटं. वीस मिनिटं. अर्ध्या तासाने आकडा ६७ वर थांबला तो तिथंच. वेग ३.३ च्या खाली आला नाही. पंख्याचा आवाज इतका कमी की दादी म्हणाल्या, “बंद पडला का?”

त्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही थोरल्याला जवळ बसवलं. आई-बापानं लेकराची माफी मागायची आपल्याकडे फारशी रीत नाही. आम्ही पदार्थ करून घालतो, नवा शर्ट आणतो, डोक्यावरून हात फिरवतो आणि विषय संपला असं मानतो. पण ज्या तोंडानं आरोप केला, माफीही त्याच तोंडानं मागायला हवी. आम्ही सांगितलं, “डबा आमच्या हातून पडला होता. तू खरं बोलत होतास. आम्ही तुझ्याबद्दल बदगुमानी केली. आम्हाला माफ कर, बेटा.” तो गडबडून गेला. “अब्बा, असं नका बोलू,” म्हणाला आणि उठून पाणी प्यायला गेला. बराच वेळ आला नाही. आल्यावर म्हणाला, “पण सहरीपर्यंत जागायचो, ते मात्र खरं होतं. ते कमी करतो.” हे आम्ही मागितलं नव्हतं.

जुनी वस्तू जुनीच असते, हेही सांगायला हवं. नवे मोठे गेम त्यावर कमी दर्जाच्या चित्रातच चालतात. दुकानदाराचं विंडोज ११ बद्दलचं म्हणणंही खोटं नव्हतं. विंडोज १० ला नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट मिळण्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ची होती, आणि आमच्या प्रोसेसरच्या पिढीला विंडोज ११ ची अधिकृत मान्यता नाही. त्यामुळे कधी ना कधी बदलावा लागेलच. पण ते ठरवून, पैसे जमवून करायचं काम आहे. तापलेल्या डोक्यानं हप्त्यावर करायचं नाही. भिशीचे चाळीस हजार धाकटीच्या प्रवेशाला गेले.

आता दर तीन महिन्यांनी एका रविवारी गॅलरीत ब्रश निघतो. दादींचं आच्छादन शिलाई मशीनवर गेलं, तिथं ते जास्त शोभतं. थोरल्याची वही चालू आहे. कधी कधी तो ती जेवताना पुढं सरकवतो आणि आम्ही ती बघतो. सगळं कळतं असं नाही, पण बघतो.

घरात काही बिघडलं तर आमच्या तोंडून अजूनही आधी “काय केलंस?” असंच येतं. सवय जुनी आहे. मग आम्ही दोघांपैकी एक जण दुसऱ्याला हळूच कोपर मारतो, आणि प्रश्न बदलतो: “कधीपासून होतंय?”